नवरोबांचं अर्धं बरोबर आहे

प्रश्न : मी ४४ वर्षांची, मूळची साताऱ्याची, गेली पाच वर्षं कॅनडातल्या कॅलगरीत. लग्नाआधी सह्याद्रीत भरपूर भटकले. राजमाची, हरिश्चंद्रगड, कळसूबाई सगळं पायाखालचं. इथे मात्र नोव्हेंबर ते एप्रिल घर, ऑफिस, किराणा आणि पुन्हा घर. ऑफिसातल्या मैत्रिणी सुट्टीच्या दिवशी स्नोशूइंगला, म्हणजे बुटाखाली रुंद जोडे (स्नोशू) बांधून बर्फात चालायला जातात, मलाही बोलावतात. स्कीइंगची मला भीती वाटते, पण हे म्हणे नुसतं चालणंच असतं. अकरा वर्षांची लेक एका पायावर तयार आहे. नवरा म्हणतो, ‘हिमस्खलनात माणसं मरतात, या वयात हे खूळ कशाला?’ माझा डावा गुडघा उतरताना जरा कुरकुरतो. ऑनलाइन स्नोशूची ३० इंच लांबीची जुनी जोडी ४० डॉलरला मिळतेय, घेऊन टाकू का? माझं वजन ५८ किलो आहे. आणि पहिल्यांदा जायचं तर कुठे जावं?

उत्तर :

ताई, ती ३० इंची जोडी घेऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, पण विकणारा आज-उद्या उत्तर मागत असेल म्हणून हे आधी सांगते.

स्नोशूचं माप बुटाच्या नंबरावर नाही, वजनावर ठरतं. आणि वजन म्हणजे नुसतं तुमचं नव्हे. कपडे, बूट, सॅक, थर्मास सगळं धरून. तुमचे ५८ किलो घराबाहेर पडताना ६५-६८ होतात. तेवढ्याला २५ इंची जोडी पुरते. मळलेल्या वाटांवरच राहणार असाल तर २२ इंचीवरही भागतं. ३० इंची जोडी लागते ती ऐंशी-नव्वद किलोच्या माणसाला, नाहीतर जड सॅक घेऊन कोऱ्या बर्फातून वाट काढत जाणाऱ्याला. तुम्ही ती घातलीत तर बर्फात रुतणार नाही हे खरं, पण दर पावलाला नको तेवढी लांबी ओढत न्याल, डाव्याची कड उजव्यावर पडेल, आणि दुसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून येतील की जिना उतरायला नवरोबांचा हात धरावा लागेल. तेवढं समाधान त्यांना इतक्यात देऊ नका.

खरं तर पहिल्या हिवाळ्यात विकतच घेऊ नका, भाड्याने आणा. कॅलगरी विद्यापीठाच्या आउटडोअर सेंटरमध्ये मिळतात, एमईसीसारख्या भटकंतीच्या सामानाच्या दुकानातही विचारून बघा. लाँग वीकेंडला जोड्या संपतात, म्हणून आधी नोंदवून ठेवा. लेकीसाठीही तिच्या वजनाप्रमाणे मुलांची जोडी मागा, तुमच्या मापाची लहान करून चालत नाही. भाड्याच्या जोड्यांचा फायदा असा की दोन-तीन तऱ्हेचे पट्टे वापरून बघता येतात, आणि सगळी मेख पट्ट्यांतच असते. दुकानात उघड्या बोटांनी चटकन लागणारं बकल उणे पंधरामध्ये, जाड हातमोजे घालून, वाकून लावायचं म्हटलं की अंत पाहतं. म्हणून दुकानातच हातमोजे चढवा आणि पट्टा लावून-काढून बघा. दुकानदार हसला तर हसू द्या.

पुढे कधी जुनी जोडी घ्यायची झालीच, तर रबरी पट्टे वाकवून त्यांना भेगा पडल्यात का ते पाहा. तळ उलटा करून पंज्याखालचे लोखंडी दाते बोथट झालेत का, रिव्हेट सैल आहेत का, हेही बघून घ्या. थंडीत पट्टा तुटला की चार किलोमीटर मांडीपर्यंत रुतत परत यावं लागतं.

आता चालण्याविषयी. मैत्रिणींनी सांगितलं ते खरं आहे, दहा मिनिटांत जमतं. पाय थोडे फेंगडे टाकायचे, एवढाच मुख्य धडा. मागे मागे सरकायला जाऊ नका. मागची कड बर्फात घुसते आणि माणूस बसतो. वळायचं तर जागच्या जागी गिरकी न घेता मोठी गोल फेरी मारून वळा. चढावर पंजा बर्फात रोवायचा, म्हणजे दाते धरतात. चढ तीव्र असेल तर टाचेखालची तार उभी करायची, काही जोड्यांना ती असते, आणि पोटऱ्यांचा जीव भांड्यात पडतो. उतारावर गुडघे जरा वाकवून भार किंचित टाचांकडे ठेवायचा. सगळ्यात त्रासाचं असतं ते आडव्या उतारावरून चालणं, म्हणून सुरुवातीला ते टाळाच.

पडाल. सगळेच पडतात, आणि मऊ बर्फात पडण्याचं काही वाटत नाही. गंमत असते ती उठण्यात. हात टेकवायला जावं तर हात खांद्यापर्यंत आत जातो आणि खाली टेकायला काहीच लागत नाही. अशा वेळी कुशीवर वळायचं, दोन्ही काठ्या बर्फावर फुलीसारख्या आडव्या ठेवायच्या, फुलीच्या मध्यावर तळवा दाबायचा, गुडघ्यांवर यायचं आणि मग उभं राहायचं. हे पार्किंगच्या शेजारीच, घाम यायच्या आधी, लेकीबरोबर दोनदा करून बघा. ती तर मुद्दाम पडेल.

काठ्या हव्यातच, विशेषतः गुडघ्यासाठी. सह्याद्रीतली काठी आणली असेल तर तीही चालेल, पण टोकाशी बर्फाची रुंद चकती लावून घ्या, नाहीतर ती मुठीपर्यंत आत जाते. उतारावर काठीची लांबी थोडी वाढवायची. तुमच्या गुडघ्याला हा प्रकार हरिश्चंद्रगडाच्या उतरणीपेक्षा खूप सोसेल, कारण मऊ बर्फ दणका पिऊन टाकतो. मात्र गुडघा कुरकुरण्याच्या पुढे जाऊन सुजत किंवा अडकत असेल, तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.

तर चालणं सोपं आहे. माझ्या मते धोका आहे तो इथेच. स्की शिकणाऱ्याला धडपणे वळायलाच एक हंगाम लागतो, आणि तेवढ्या काळात उतार, बर्फ, वारा यांची थोडी तरी समज त्याच्या अंगी येते. स्नोशूवाला मात्र दहा मिनिटांत तयार होतो आणि दुपारपर्यंत त्याच उतारावर पोचतो. सह्याद्रीत तुम्हाला डोंगर अडवत असे. कारवी दाटली, कडा आला, ओढ्याला पाणी आलं, की पाय आपोआप थांबत. इथे ती झुडपं, ते दगड, तो ओढा, सगळं बर्फाखाली गेलेलं असतं. कुठूनही कुठेही जाता येतं. कुठे जायचं नाही हे जमीन सांगत नाही, ते आपल्यालाच माहीत असावं लागतं.

म्हणजे नवरोबांचं अर्धं बरोबर आहे. ते अर्धं नीट समजून घ्या, कारण ते उडवून लावण्यासारखं नाही.

रॉकीजच्या या पूर्वेकडच्या बाजूला बर्फ पातळ पडतो आणि थंडी कडाक्याची असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडलेल्या पहिल्या थराच्या खाली जमीन त्यामानाने उबदार असते, वर हवा उणे वीस. थर पातळ असला की तापमानातला हा फरक थोड्याच उंचीत कोंबला जातो, खालची वाफ वर चढत राहते, आणि तळाच्या बर्फाचे साखरेसारखे सुटे, खडबडीत दाणे होतात. मुठीत धरून गोळा वळायला जा, वळत नाही, बोटांमधून सांडतो. या दाण्यांवर मग डिसेंबर-जानेवारीचा नवा, जड बर्फ बसतो. पाया असा भुसभुशीत असल्यावर कधी एका माणसाच्या वजनानेही वरचा आख्खा थर सुटतो. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, म्हणजे चढायला छान वाटतील अशाच उतारांवर. आणि तुम्ही उतारावर असायलाच हवं असं नाही. पायथ्याशी सपाटीवर जेवत बसलेल्यांवरही वरून बर्फ येतो.

आणखी एक. उन्हाळ्यातली वाट हिवाळ्यातही सुरक्षित असेल असं धरून चालू नका. जुलैमध्ये लेकीला घेऊन जिथे फुलं बघायला गेलात, ती वाट चार हिमस्खलनांच्या घळी ओलांडून जात असेल. झाडीत मधेच वरपासून खालपर्यंत मोकळा पट्टा दिसला, किंवा झाडांच्या फक्त डोंगराकडच्या बाजूच्या फांद्या मोडलेल्या दिसल्या, की तिथून बर्फ खाली येतो असं समजायचं.

आता नवरोबांचं उरलेलं अर्धं, जे चूक आहे. हिमस्खलन सगळीकडे होत नाही. तीव्र उतार नाही आणि वरही तीव्र उतार नाही, तिथे ते होऊच शकत नाही. पार्क्स कॅनडाने वाटांची सोपी, आव्हानात्मक, गुंतागुंतीची अशी प्रतवारी केली आहे, आणि ती माणसाला किती दम लागेल यावर नाही, तर वाट हिमस्खलनाच्या टापूत किती शिरते यावर. अॅव्हलांच कॅनडा नावाची संस्था आहे, मुख्यालय ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोकला. तिच्या संकेतस्थळावर आणि अॅपवर हिवाळाभर रोजचा अंदाज येतो, धोक्याच्या एक ते पाच पायऱ्यांत. कॅलगरीच्या पश्चिमेकडच्या कॅनॅनास्किस या डोंगराळ भागाचाही असतो. तो वाचायची सवय आत्तापासून लावून घ्या, सपाट वाटेवर जाणार असाल तरी. चार आठवडे वाचलात की हिवाळ्याची भाषा कळू लागेल.

पहिल्या हिवाळ्याचा नियम एकच ठेवा : स्नोशूसाठी म्हणून आखलेल्या, खुणा लावलेल्या वाटाच. त्या सोडून ‘जरा पलीकडे बघू या’ करायचं नाही. तिथे ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडल्या गेलेल्याला शोधायचं संदेशयंत्र), शोधकाठी, फावडं या तीन वस्तूंची गरज पडत नाही. पुढे-मागे डोंगरात वर जावंसं वाटलं, तर त्या तीन वस्तू आणि हिमस्खलनापासून सावध राहायला शिकवणारा दोन दिवसांचा एएसटी-१ हा अभ्यासक्रम, दोन्ही हवेत. नुसत्या वस्तू घेऊन उपयोग नाही. त्या अभ्यासक्रमाला नवरोबांनाही न्या. घाबरणारा माणूस तिथे उत्तम शिकतो.

पण खरं सांगू का? आखलेल्या वाटेवर तुम्हाला त्रास होईल तो हिमस्खलनाने नाही. होईल तो घामाने, लवकर पडणाऱ्या अंधाराने आणि रस्त्याने.

आपण मराठी माणसं थंडीला घाबरून एकदम सगळं अंगावर चढवतो. स्नोशूवर वीस मिनिटांत अंगातून वाफा निघतात, आतला कपडा भिजतो, आणि फोटो काढायला थांबलं की तोच ओला कपडा पाठीला बर्फ लावल्यागत गार पडतो. म्हणून निघताना थोडी थंडी वाजत असली पाहिजे. अंगाला लागून मेरिनो लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस, सगळ्यावर वारा अडवणारं जॅकेट. फुगीर डाउन जॅकेट सॅकमध्ये ठेवायचं आणि थांबल्याबरोबर, थंडी वाजायची वाट न बघता, वरून घालायचं. सुती काहीही नको. जीन्स तर नकोच, आणि आतला सुती बनियनसुद्धा नको. बूट पाणी न शिरणारे, उबदार, आणि जाड मोजा घालून बोटं हलवता येतील इतके सैल. दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाला तर पाय उलट लवकर गारठतात. बर्फ बुटात शिरू नये म्हणून वरून, बूट आणि पोटरी झाकणारे गेटर्स. हातमोज्यांची एक जादा जोडी घ्याच, पहिली भिजणार आहे. गॉगल आणि सनस्क्रीन विसरू नका. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, नाकाच्या खालची बाजूसुद्धा भाजते.

पहिल्या एक-दोन वेळा उणे पाच ते उणे बारा असा दिवस निवडा. वाऱ्यासकट जाणवणारं तापमान उणे २८ च्या खाली गेलं की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, असं कॅनडाचं हवामान खातंच सांगतं. लेकीकडे विशेष लक्ष ठेवा. मुलं ‘मी ठीक आहे’ म्हणत राहतात आणि एकाएकी रडायला लागतात. दर अर्ध्या तासाला तिचे गाल बघा, आणि पायाची बोटं हलतायत का हे विचारू नका, हलवून दाखवायला सांगा.

डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो, डोंगराआड त्याही आधी. स्नोशूवर तुमचा वेग निम्मा होतो, मळलेल्या वाटेवर तासाला दोन ते तीन किलोमीटर, कोऱ्या बर्फात त्याहून कमी. तेव्हा पहिल्यांदा चार-पाच किलोमीटरच्या पुढे जाऊ नका, आणि दुपारी एक वाजता कुठेही असलात तरी उलटं फिरायचं. हेडलॅम्प सॅकमध्ये हवाच. फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. बाहेर ठेवला तर ऐंशी टक्क्यांवरूनही थंडीने मान टाकतो. डोंगरात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्या. आणि गाडीला हिवाळी टायर नसतील तर हा सगळा बेत टायर येईपर्यंत पुढे ढकला. निघण्याआधी ५११ अल्बर्टा या रस्त्यांची स्थिती सांगणाऱ्या सेवेवर रस्ता बघा.

ठिकाणं. सगळ्यात पहिल्यांदा वेस्ट ब्रॅग क्रीक. शहराच्या पश्चिमेहून जेमतेम तासाभराच्या आत, झाडीतल्या बऱ्यापैकी सपाट वाटा, स्नोशूच्या वेगळ्या खुणा. तिथलं ‘स्नोशू हेअर’ हे वळण लेकीला आवडेल, नाव ज्या सशाचं आहे त्याच्या पावलांचे ठसे दिसण्याची शक्यताही बरी असते. दुसऱ्यांदा पीटर लॉहीड प्रांतिक उद्यान, कॅनॅनास्किस तळ्यांजवळ. तिथे बर्फ भरपूर आणि स्नोशूच्या वाटा आखलेल्या. हे जमलं आणि आवडलं, की मग चेस्टर लेक : जाऊन-येऊन साधारण नऊ किलोमीटर, तीनेकशे मीटर चढ, स्नोशूची वाट स्कीवाल्यांपेक्षा वेगळी. तळं दिसलं की तिथेच थांबायचं. त्याच्या मागच्या उतारांखाली जायचं नाही. तिथे नेणारा स्मिथ-डोरियन रस्ता हिवाळ्यात भरवशाचा नसतो, तेव्हा पुन्हा ते टायर आठवा. कॅनॅनास्किसमध्ये गाडी लावायला २०२१ मध्ये पास सुरू झाला, तेव्हा तो एका दिवसाचा १५ डॉलर, वर्षाचा ९० होता. त्या हिशोबाने सहाहून जास्त फेऱ्या ठरल्या तर वर्षाचा परवडतो.

कुठेही गेलात तरी स्कीवाल्यांनी यंत्राने आखलेल्या दोन समांतर खाचांवर पाय ठेवू नका. तेवढ्या एका गोष्टीवरून इथला मवाळ माणूसही तोंड सोडतो, आणि त्याचं चूक नसतं.

एक जाता जाता सांगते, कारण दुकानात हे कोणी सांगणार नाही. कॅलगरीच्या आसपास निम्म्या वेळा स्नोशू लागतच नाहीत. शिनूक, म्हणजे डोंगरावरून खाली येणारा उबदार वारा, सुटला की काही तासांत तापमान वीस अंशांनी वर जातं, बर्फ वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि वाट काचेसारखी टणक होते. किंवा शनिवारभर शंभर माणसं चालून गेल्यावर रविवारी ती सिमेंटइतकी घट्ट असते. अशा वेळी बुटावर ओढून चढवायचे छोट्या दात्यांचे मायक्रोस्पाइक्स पुरतात आणि तेच बरे. विकत घ्यायचंच असेल तर तुमच्या त्या ४० डॉलरमध्ये थोडी भर घालून आधी ते घ्या. ते शहरातल्या फिश क्रीक पार्कपासून घरासमोरच्या फुटपाथपर्यंत सगळीकडे कामाला येतात.

‘या वयात खूळ’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच : ॲश लाकडाच्या चौकटी वाकवून त्यात कातड्याच्या वाद्या विणून हे जोडे इथल्या आदिवासी समाजांनी बनवले, शिकारीला जायला आणि हिवाळा काढायला. माँट्रियलच्या शहरी मंडळींनी १८४० च्या दशकात स्नोशूचा क्लब काढून त्याची हौस केली. वयाची अट दोघांनीही घातल्याचं ऐकिवात नाही.

डब्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. पोळीचा रोल गारठून कडक होतो. डिंकाचे लाडू तुपाने असे थिजतात की दाताची चिंता वाटावी. न्यायचे तर छोटे तुकडे करून आतल्या खिशात ठेवा. चिक्की घरीच ठेवा. शेंगदाणे, खजूर, चीज चालतं. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा, कारण बर्फ वरच्या बाजूने धरतो. उलटी असली की झाकण मोकळं राहतं. आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा, गोड, नेहमीपेक्षा जरा जास्तच.

नवरोबांना एक काम द्या. कागदावर लिहून ठेवा : कुठली वाट, गाडी कुठे लावणार, बरोबर कोण, परत किती वाजता. ठरलेल्या वेळेनंतर दोन तास फोन आला नाही आणि लागलाही नाही, तर त्यांनी ९११ ला फोन करून हा कागद वाचून दाखवायचा. काळजी करणाऱ्या माणसाला काळजीचं काम दिलं की तो बराच निवळतो, आणि डोंगरात अडकलेल्याला त्या कागदाइतकी मदत दुसऱ्या कशाचीच होत नाही.

आणि मैत्रिणींना आजच विचारा : शनिवारी नक्की कुठली वाट, किती किलोमीटर, आणि ती स्नोशूची म्हणून आखलेली आहे का? ‘जाऊ गं तिकडे कुठेतरी’ असं उत्तर आलं, तर त्या शनिवारी त्यांना जाऊ द्या, आणि तुम्ही लेकीला घेऊन वेस्ट ब्रॅग क्रीकला जा. साडेनऊच्या आत पोचा, पार्किंग भरतं.